फ्रान्समधल्या बरगंडीच्या वाइनची अपेलासियाँ (उगमस्थानावरून मिळणारी कायदेशीर नावं) आणि वर्गवारी लक्षात कशी ठेवायची?

पाठांतराने सुरुवात करू नका, आधी नकाशा समोर घ्या. बोर्दो या दुसऱ्या फ्रेंच वाइन-प्रदेशात 1855 ची वर्गवारी शातोंची, म्हणजे वाइन बनवणाऱ्या इस्टेटींची आहे; बरगंडीत दर्जा जमिनीला मिळतो. पायऱ्या चारच, खालून वर: प्रादेशिक, गावाची, प्रीमिए क्र्यू, ग्राँ क्र्यू.

मग लेबल नीट वाचा. नुसतं 'शांबेर्तां' असेल तर ग्राँ क्र्यू. 'जेव्हरे-शांबेर्तां' असेल आणि सोबत प्रीमिए क्र्यू लिहिलेलं नसेल, तर ती गावाची वाइन. जेव्हरे गावाने 1847 मध्ये आपल्या सर्वांत नामवंत द्राक्षमळ्याचं, म्हणजे शांबेर्तांचं, नाव स्वतःला जोडून घेतलं, तिथून हा घोळ. पुलिन्यी-मोंराशे या गावाचंही तसंच: मोंराशे हा ग्राँ क्र्यू मळा.

उत्पादकाचं नाव मात्र कधीच सोडू नका. क्लो द वूजो हा सुमारे 50 हेक्टरांचा एकच ग्राँ क्र्यू मळा, पण मालक 80 च्या आसपास. बाटलीगणिक चांगलाच फरक पडतो.