झोप लागली तरी घसा जागाच असतो

प्रश्न : गेल्या वर्षी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. तेव्हा शिरेतून लागोपाठ तीन-चार इंजेक्शनं दिली. त्यातलं एक पांढरं औषध जाताना हात चांगलाच झोंबला. शुद्धीवर आल्यावर दोन दिवस घसा दुखत होता. श्वासनळीत नळी घातली होती असं कळलं. आता हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय. एवढी औषधं नकोत, फक्त झोपेचं एक इंजेक्शन द्या, असं भूलतज्ज्ञांना सांगू का?

उत्तर : असं सांगू नका, ही मनापासून विनंती. झोप लागली की घसाही झोपतो, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. स्वरयंत्राचं कामच मुळी श्वासनळीत परकं काही जाऊ न देण्याचं आहे. पाण्याचा एक थेंब चुकीच्या वाटेने गेला तर केवढा ठसका लागतो, आठवा. मोठ्या माणसाला घालायची नळी साधारण ७ ते ८ मिलिमीटर आतल्या व्यासाची असते आणि ती जाते नेमकी याच वाटेने.

शिकत असतानाचा एक प्रसंग सांगते. रुग्णाला थायोपेंटोन हे झोपेचं औषध दिलं. पापणीच्या केसांना बोट लावलं, पापणी हलली नाही, म्हणजे झोप लागली होती. स्नायू शिथिल करणारं औषध नुकतंच गेलं होतं. मी घाई केली, लॅरिंगोस्कोपने, म्हणजे घशात पाहायच्या दिव्याच्या उपकरणाने, जीभ उचलली, तर समोर दोन्ही स्वरतंतू एकमेकांना घट्ट चिकटलेले. पाठोपाठ खोकल्याची उबळ आली, नाडी धावू लागली. हात मागे घेतला, मास्कने ऑक्सिजन दिला, वरिष्ठांनी झोपेच्या औषधाचा आणखी डोस दिला. मिनिटभराने पुन्हा पाहिलं तर तेच स्वरतंतू शांतपणे उघडे होते. नळी अलगद गेली. रुग्णाला काही झालं नाही, पण ती मिटलेली फट मला अजून दिसते.

म्हणून तुम्हाला तीन-चार औषधं दिली. पहिलं बहुधा फेंटानिलसारखं तीव्र वेदनाशामक असावं. त्याचा पूर्ण असर व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात, म्हणून ते आधी देतात. नळी जाताना रक्तदाब आणि नाडी एकदम उसळते, ती याने आवरते. तेवढ्यात मास्कमधून ऑक्सिजन देऊन फुप्फुसं भरून घेतात, कारण पुढे काही क्षण तुमचा श्वास थांबणार असतो.

झोंबलं ते पांढरं औषध म्हणजे प्रोपोफॉल. ते सोयाबीन तेलाच्या दुधाळ मिश्रणात असतं. झोप तर त्याने अर्ध्या मिनिटाच्या आसपास येतेच, शिवाय घशाच्या प्रतिक्षिप्त क्रिया ते थायोपेंटोनपेक्षा चांगल्या दाबतं. पण एकट्या प्रोपोफॉलवर घसा पुरता सैल करायचा तर डोस बराच वाढवावा लागतो आणि रक्तदाब घसरतो. तुम्हाला एवढी औषधं नकोत म्हणता, तर एकाचाच मोठा डोस अधिक त्रासाचा. शेवटी सक्सिनिलकोलिन किंवा रोक्युरोनियम देऊन स्नायू शिथिल करतात. पहिल्याला मिनिटभर लागतं, दुसऱ्याला नेहमीच्या डोसात दीड मिनिट. हा मिनिट-दीड मिनिट थांबण्यातच आमचं निम्मं कौशल्य आहे, असं मी आजही मानते. शिथिल करणारं औषध टाळून, झोपेच्या औषधाला जलद वेदनाशामकाची जोड देऊनही नळी घालता येते. काही रुग्णांसाठी तो पर्याय योग्यही असतो, पण सोबतीचं औषध तिथेही लागतंच.

घसा दोन दिवस दुखणं नेहमीचं आहे. आवाज आठवड्यापलीकडे घोगरा राहिला असता तर दाखवायला हवं होतं.

आता तुमच्या हर्नियाचं. ऑपरेशन दुर्बिणीने नसेल, तर अनेकदा पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करता येतो. मग नळीचा प्रश्नच येत नाही. हे भूलतज्ज्ञांना जरूर विचारा. मागच्या भुलीचा कागद सोबत न्या. कुठल्या औषधाने नेमकं काय झालं ते सांगा. हात झोंबला होता हेही सांगा, म्हणजे आधी थोडं लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध देतील किंवा कोपराजवळची मोठी शीर निवडतील. एखादा दात हलत असेल, घरात कुणाला भुलीत तीव्र ताप चढला असेल, तर ते विचारायची वाट न पाहता आधीच सांगा.