पुराचा विमा, अर्धवट रक्कम आणि 5 डिसेंबर

प्रश्न: चिपळूणच्या बाजारपेठेत माझं कापडाचं दुकान आहे. 22 जुलै 2021 च्या पुरात तळमजला बुडाला, 24 लाखांचा माल गेला. विमा 18 लाखांचा होता. मार्च 2022 मध्ये कंपनीने 7 लाख 98 हजार रुपये बँकेतल्या सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे माल तारण ठेवून घेतलेल्या कर्जाच्या) खात्यात जमा केले. त्याआधी ‘भरपाई पूर्ण मिळाली’ अशा व्हाउचरवर माझी सही घेतली. रक्कम कमी असल्याचं मी जूनमध्ये लेखी कळवलं. 5 डिसेंबर 2022 च्या पत्राने कंपनीने नकार दिला. तेव्हापासून स्मरणपत्रं पाठवतोय, उत्तर नाही. ग्राहक आयोगात जाऊ का? कोळकेवाडी धरणाच्या पाण्याबद्दल सरकारवर दावा लावता येईल का?

उत्तर: महाड, सांगली, कोल्हापूरहूनही अशीच पत्रं येतात. प्रत्येकात ईमेलचा गठ्ठा जोडलेला असतो आणि दावा मात्र कुणी लावलेला नसतो. स्मरणपत्रांनी मुदत वाढत नाही. कंदिमल्ला राघवय्या प्रकरणात गोदामाला आग लागली 1988 साली आणि तक्रार दाखल झाली 1997 मध्ये. मधल्या पत्रव्यवहाराचा सर्वोच्च न्यायालयात काहीही उपयोग झाला नाही.

धरणाचा विषय आधी बाजूला ठेवतो. तज्ज्ञांचा पुरावा लागेल, सरकारला आगाऊ नोटीस द्यावी लागेल आणि माझ्या मते मुदतही गेली आहे. त्यावर एक रुपयाही खर्च करू नका.

ग्राहक आयोगात मुदत दोन वर्षांची. कुठूनही मोजा, ती संपली. 2019 च्या कायद्याच्या कलम 69 खाली विलंबमाफी मागता येते, पण उशिराचं सबळ कारण द्यावं लागतं आणि ‘मी ईमेल करत होतो’ हे सबळ कारण नाही. शुल्क जवळपास नाही म्हणून सगळ्यांची पहिली धाव तिकडेच असते. तुम्ही ती 2023 मध्ये घ्यायला हवी होती.

मग उरतं दिवाणी न्यायालय. मुदत कायद्याच्या अनुच्छेद 44 नुसार अशा विमा दाव्याला तीन वर्षं मिळतात. ती नुकसानीच्या घटनेपासून मोजतात. दावा पूर्णपणे किंवा अंशतः नाकारला असेल तर नकाराच्या तारखेपासून. ‘अंशतः’ या एका शब्दावर तुमचं सगळं प्रकरण उभं आहे. अंशतः नकार मार्च 2022 मध्ये, कमी पैसे हातावर ठेवले तेव्हा झाला, असं धरलं तर खेळ खल्लास. तो 5 डिसेंबर 2022 ला झाला असेल, तर 2025 च्या 5 डिसेंबरपर्यंत वेळ आहे.

ते पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्याच परिच्छेदात कंपनी लिहिते की तुमच्या जूनच्या अर्जावर सर्व्हेअरकडून (नुकसान मोजणाऱ्याकडून) खुलासा मागवला, तो विचारात घेतला आणि रक्कम वाढवता येत नाही. नुसतं ‘पूर्वी कळवल्याप्रमाणे’ असं असतं तर मी तुम्हाला घरी बसायला सांगितलं असतं. इथे कंपनीने स्वतःच फाईल पुन्हा उघडली, म्हणून अंतिम नकार डिसेंबरचा, असा युक्तिवाद करता येतो. विमा कंपनीच दाव्यावर बसून राहिली तर त्या दिरंगाईचा फायदा तिला घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये हिंदुस्थान सेफ्टी ग्लासच्या प्रकरणात म्हटलं. तेही पावसाच्या पाण्याचंच नुकसान होतं, 1992 मधलं, कोलकात्यातलं. तुमचं न्यायालय हे मान्य करीलच, याची हमी मी देत नाही.

आता घाई कशाची ते ऐका. दुकानाच्या विम्याचा वाद बहुधा व्यापारी वाद ठरेल आणि मागणी 3 लाखांच्या वर आहे. अशा वेळी व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम 12अ प्रमाणे आधी मध्यस्थीला जावंच लागतं, नाहीतर वादपत्र फेटाळलं जातं. रत्नागिरीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत धरत नाहीत. म्हणजे 5 डिसेंबरच्या आत अर्ज पडला की घड्याळ थांबतं. कंपनी आली नाही तर तसा अहवाल मिळतो, मग दावा लावा. नोव्हेंबरअखेर वकिलाचा दरवाजा ठोठावू नका. कोर्टं कूर्मगतीने चालतात म्हणून अर्जही त्याच गतीने चालणार नाही.

रकमेबद्दल तुमचं म्हणणं चुकीच्या जागी आहे. मालापेक्षा विमा कमी होता, त्यामुळे त्या प्रमाणात कपात होणारच. तुमची पॉलिसी 2020 च्या ऑगस्टमधली, जुन्या नमुन्याची. एप्रिल 2021 पासून छोट्या व्यापाऱ्यांसाठी जी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आली, तिच्यातही 15 टक्क्यांपर्यंतचीच तूट माफ आहे. सर्व्हेअरच्या हिशेबाने साठा 30 लाखांचा आणि विमा 18 लाखांचा, म्हणजे तुमची 40 टक्के आहे.

खरी गफलत सर्व्हे रिपोर्टमध्ये आहे. सर्व्हेअरने तुमचा साठा 30 लाख धरला, तोही पुराआधीच्या जूनमध्ये बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटवरून. पण नुकसान मोजताना बिलं नाहीत म्हणून 10 लाखांचा माल वगळला आणि नुकसान 14 लाख धरलं. 14 चे 60 टक्के 8.40, त्यातून 5 टक्के (तुम्ही स्वतः सोसायचा वाटा) वजा, झाले 7.98. तो 10 लाखांचा माल दुकानात नव्हता तर साठा 20 लाखांचाच होता. मग 14 लाखांवर 90 टक्के, म्हणजे वजावटीनंतर 11.97 लाख. आणि होता म्हणाल तर नुकसान 24 लाखांचं, हाती 13.68 लाख. कपात करताना माल आहे आणि भरपाई देताना नाही, हे चालणार नाही. मागणी पहिल्या पर्यायात 3.99 लाख, दुसऱ्यात 5.70 लाख, वर व्याज.

बिलं भिजली असं लिहिता. पुरवठादारांनी विवरणपत्रं भरली असतील तर तुमची खरेदी जीएसटी पोर्टलवर 2ए मध्ये (पुरवठादारांच्या विवरणांवरून बनणाऱ्या तुमच्या खरेदीच्या तक्त्यात) दिसेल. ती आज रात्रीच उतरवून घ्या. एक गोष्ट मात्र स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: सीसीची मर्यादा टिकवायला स्टॉक स्टेटमेंट फुगवलं होतं का? तसं असेल तर वकिलाला आधी सांगा. उलटतपासणीत ते बाहेर आलं तर 11.97 चा मुद्दाही डळमळेल.

कंपनी तलाठ्याचा पंचनामाही पुढे करील, त्यात आकडा लहान आहे. सरकारी मदत दुकानदाराला जास्तीत जास्त 50 हजारच होती, त्यामुळे गाळात उभं राहून थानांची मोजदाद कुणी केली नसेल, हे न्यायालयाला समजावता येईल.

व्हाउचरचं थोडक्यात. अशा सहीने जादा रकमेचा हक्क जात नाही, असं विमा नियामकाने 2015 मध्येच कंपन्यांना बजावलं आहे. पण त्याच्या आदल्या वर्षी, 2014 मध्ये, जीनस पॉवर प्रकरणात सही करून तीन आठवड्यांनी जागे झालेल्यांचं ‘दबाव होता’ हे म्हणणं सर्वोच्च न्यायालयाने ऐकलं नाही. तुम्ही तर तीन महिने घेतलेत. सहीपूर्वी बँकेने सीसी थकल्याच्या नोटिसा दिल्या असतील तर त्या शोधा, दबावाचा तेवढाच कागदी पुरावा आहे. नकारापासून 12 महिन्यांत दावा न लावल्यास हक्क संपतो, हे पॉलिसीतलं कलमही कंपनी काढील. करार कायद्याच्या कलम 28 मध्ये अशा अटी बाद ठरवणारी 1997 ची दुरुस्ती झाल्यावर ते टिकवणं तिला अवघड आहे, पण वाद होईलच.

वकिलाकडे जाताना डिसेंबरच्या पत्राची मूळ प्रत न्या आणि ते आलं तो लिफाफाही, टाकून दिला नसेल तर.