कॅराव्हॅन ५८ हजारांची, पण ओढणार कोण?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र थोडक्यात असं. तुम्ही ॲडलेडला, वय ५९, आठवड्यातून तीन दिवस नोकरी. ‘हे’ ६४ वर्षांचे, नुकतेच निवृत्त. तरुणपणी भंडाऱ्याच्या चिखला खाणीत मँगनीज काढलेला माणूस, त्यामुळे ब्रोकन हिल हे खाणींचं गाव बघायचं म्हणजे तीर्थयात्राच. त्यासाठी २०१९ सालची २१ फुटी कॅराव्हॅन (गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर) पसंत पडली आहे. किंमत ५८,००० डॉलर, आणि ही रक्कम ह्यांच्या ४,१०,००० डॉलरच्या सुपरमधून (निवृत्तीनिधीतून) काढायची. पहिली फेरी जुलैत, आठ रात्रींची. तुमचा प्रश्न: घ्यावी का?

आधी सोपा भाग. साठी उलटलेल्या निवृत्त माणसाला सुपरमधून रक्कम काढता येते आणि बहुतेक फंडांत त्यावर कर लागत नाही. म्हणजे अडचण नियमांची नाही.

अडचण तुमच्या दारात उभी आहे. तुमच्या एसयूव्हीची ओढण्याची क्षमता २,००० किलो आहे. जाहिरातीतल्या कॅराव्हॅनचं रिकामं वजन २,२००, आणि पाणी, गॅस, सामान भरल्यावरची कमाल मर्यादा २,७००. म्हणजे ती रिकामीसुद्धा तुमच्या गाडीच्या आवाक्याबाहेर आहे. तरीही जोडून निघालात तर तो गुन्हा, आणि रस्त्यात काही झालं तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. तेव्हा एक तर मोठी गाडी घ्या (जुनी विकून वरचे २५-३० हजार धरा), नाहीतर ही कॅराव्हॅन विसरा. विकणारा ‘सगळे ओढतात हो’ म्हणेल. म्हणू दे.

आता वर्षाचा खर्च मांडू. सहा वर्षांनी ती ३५,००० ला गेली, तर घसारा वर्षाला साधारण ३,८००. तेच ५८,००० सुपरमध्ये ५ टक्क्यांनी वाढले असते, ते २,९००. विमा, रजिस्ट्रेशन, ब्रेक-बेअरिंगची सर्व्हिस आणि टायर मिळून २,०००. (टायर झिजले नाहीत तरी काही वर्षांनी रबर वाळतं, बदलावे लागतात.) तुमच्या युनिटला ड्राइव्हवे नाही, म्हणजे ती उभी ठेवायच्या यार्डचं भाडं १,५००. एकूण १०,२००, आणि यात नवी गाडी धरलेलीच नाही. तुम्ही चौकशी केलेली छोटी भाड्याची कॅराव्हॅन रात्रीला १४० डॉलर. म्हणजे वर्षाला ७३ रात्री बाहेर राहिलात तर विकत घेणं परवडतं. तुमचाच अंदाज २५ रात्रींचा आहे. त्यातही नातवाला सांभाळायचे दोन दिवस आणि तुमची नोकरी धरली, तर २५ सुद्धा मला जास्तच वाटतात.

ह्यांच्या मित्राने सांगितलंय की कॅराव्हॅनमध्ये पैसे घातले की पुढे एज पेन्शन (सरकारी वृद्धापकाळ पेन्शन) वाढते. अर्धवट ऐकीव गोष्ट. ६७ नंतर ही पेन्शन ठरवताना जी मालमत्ता चाचणी होते, तिच्यात कॅराव्हॅन बाजारभावाने मोजतात. मर्यादेच्या वर प्रत्येक १,००० डॉलरमागे पंधरवड्याला ३ डॉलर पेन्शन कापली जाते, हे खरं. म्हणजे घसाऱ्यात हजार गमावले की वर्षाला ७८ परत मिळणार. तेरा वर्षं थांबा, मग बरोबरी! पेन्शनचाच विचार असेल, तर तुमचं वय कमी असल्याचा फायदा घ्या: जमा टप्प्यातलं (ज्यातून अजून पेन्शन सुरू केलेली नाही असं) तुमचं सुपर तुम्ही ६७ च्या होईपर्यंत चाचणीत धरलं जात नाही. ह्यांच्या खात्यातून काही रक्कम तुमच्या खात्यात वळवता येईल का, हे परवानाधारक सल्लागाराला नक्की विचारा. ही चौकशी कॅराव्हॅनपेक्षा जास्त पैसे वाचवू शकते.

पण सहल रद्द करा असं मी मुळीच म्हणत नाही. ज्या माणसाने उमेदीची वर्षं जमिनीखाली घालवली, त्याने ब्रोकन हिल बघायलाच हवं. १८८३ मध्ये चार्ल्स रास्प नावाच्या मेंढवाड्यावरच्या कामगाराने तिथे खाणीचा हक्क नोंदवला, आणि १८८५ मध्ये तिथेच बीएचपी ही खाण कंपनी उभी राहिली. ह्यांच्या सुपरमध्ये बीएचपीचे शेअर बहुधा असतीलच, तेव्हा एका अर्थी स्वतःच्याच मालमत्तेची पाहणी! रस्त्यांची नावं आर्जेंट, ऑक्साइड, क्लोराइड, सल्फाइड. सिल्व्हर्टनजवळच्या डेड्रीम खाणीत खाली उतरवून दाखवतात. गावाचं घड्याळ ॲडलेडच्याच वेळेवर चालतं, न्यू साउथ वेल्समध्ये असूनही.

जुलैच्या फेरीचा हिशेब असा. जाऊन-येऊन आणि आसपास मिळून १,३०० किलोमीटर, पेट्रोल दोन डॉलर लिटर धरू. भाड्याची कॅराव्हॅन १,१२०, पार्कची जागा रात्रीला ४५ प्रमाणे ३६०, आणि ओढताना शंभर किलोमीटरला १७ लिटर म्हणजे ४४०. एकूण १,९२०. त्याऐवजी तुमचीच गाडी आणि पार्कमधली केबिन रात्रीला १७० प्रमाणे: १,३६० आणि पेट्रोल २६०, एकूण १,६२०. केबिन तीनशेने स्वस्त, शिवाय जुलैतल्या थंडीत रात्री बाहेर जाऊन पाण्याची नळी गुंडाळावी लागत नाही. तरीही या वेळी मी तीनशे जास्त देऊन भाड्याचीच घ्या म्हणेन. ह्यांना रिव्हर्स घेणं जमतं का, तुम्हाला तेवढ्याशा जागेत स्वयंपाक करावासा वाटतो का, हे त्याशिवाय कळणार नाही. फक्त भरलेलं वजन दोन टनांच्या आत आणि हिचवर (गाडीच्या मागच्या जोडणीवर) येणारा भार गाडीच्या मर्यादेत हवा. निघण्याआधी वजनकाट्यावर एकदा उभी करा.

वाटेत ‘बरा’ (Burra) नावाच्या गावात मुक्काम टाका, तिथली तांब्याची खाण १८४५ ची. अंधार पडायच्या आत थांबा, संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात. आणि परतताना हिरव्या मिरच्या, टोमॅटो, लिंबं आधीच संपवा. ऊड्ला विराच्या नाक्यावर फळमाशीसाठी गाडी तपासतात, तिथे लोणच्याची बरणी सुटेल, मिरच्या सुटणार नाहीत.

ऑगस्टमध्ये पुन्हा लिहा. तोपर्यंत जाहिरातवाल्याला टोकन देऊ नका.