नगरपरिषदेच्या अग्निशमन दलात महिनाभर काम काय असतं? आगी तर रोज लागत नाहीत.

बहुतेक वेळ गाडी, पंप आणि होज (पाणी मारायचे लांब पाइप) तयार ठेवण्यातच जातो. रोज इंजिन सुरू करायचं, टाकी काठोकाठ आहे का ते बघायचं, पंप फिरवायचा. सक्शनची (पंप जिथून पाणी ओढतो ती) तोंडं बंद करून प्रायमर (पंपातली हवा काढणारं साधन) लावला आणि तो थांबवल्यावर व्हॅक्यूमचा काटा भराभर पडला, तर कुठून तरी हवा शिरतेय, बहुधा वॉशर गेलेला असतो. मग ऐनवेळी पंप विहिरीतून पाणी उचलत नाही. (पाणी 7-8 मीटरपेक्षा खोल असेल तर चांगला पंपही हात टेकतो.) वापरलेले होज धुऊन, सावलीत वाळवूनच गुंडाळायचे, ओले ठेवले की त्यांचा कॅनव्हास (जाड कापड) कुजतो. शिवाय पडलेली झाडं, विहिरीत पडलेली जनावरं. मार्च ते मे मात्र वेगळंच: गवत, कडब्याच्या गंजी, ऊस पेटतो, तेव्हा हे वेळापत्रक कोलमडतं.