तिरप्या अक्षराचे टोक का कापले जाते?

प्रश्न : शाळांची प्रमाणपत्रे तयार करणारा एक डेस्कटॉप प्रोग्रॅम मी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिला आहे. मजकुराची रुंदी सांगणाऱ्या ‘स्ट्रिंगविड्थ’ या आज्ञेने रुंदी मोजून, तेवढ्याच रुंदीच्या प्रतिमेवर विद्यार्थ्याचे नाव इटालिकमध्ये, म्हणजे तिरप्या अक्षरांत, काढतो. ‘माधवी’ या नावातील वेलांटीचा वरचा भाग उजवीकडे कापला जातो. साध्या अक्षरांत असे होत नाही. फॉन्टला ‘इजइटालिक’ (तू तिरपा आहेस का?) विचारले, तर उत्तर ‘ट्रू’ (होय) येते. चूक कोठे आहे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या देवनागरी फॉन्टमध्ये बहुधा इटालिकची स्वतंत्र अक्षरे नाहीत. अशा वेळी जावा आपली मागणी नाकारत नाही. साध्या अक्षराचीच बाह्यरेषा कलती करून देते. ‘इजइटालिक’ केवळ आपण काय मागितले ते सांगते. प्रत्यक्षात काय सापडले, हे पाहण्यासाठी ‘गेटफॉन्टनेम’ने मिळणारे फॉन्टचे नाव छापून पाहावे. त्यात ‘इटालिक’ किंवा ‘ऑब्लिक’ हा शब्द नसेल, तर तिरपेपणा बहुधा कृत्रिम आहे.

कृत्रिम तिरपेपणात प्रत्येक बिंदू आधाररेषेपासूनच्या, म्हणजे अक्षरे ज्या रेषेवर उभी असतात तिच्यापासूनच्या, उंचीच्या प्रमाणात उजवीकडे सरकतो. प्रमाण ०.२ धरले, तर ४० पिक्सेल उंचीवरची शिरोरेषा ८ पिक्सेल सरकते आणि ५५ पिक्सेल उंचीवरचा वेलांटीचा माथा ११ पिक्सेल. पुढचे अक्षर कोठे सुरू व्हावे हे ठरवणारी रुंदी मात्र तीच राहते, आणि ‘स्ट्रिंगविड्थ’ नेमकी तीच रुंदी देते. ‘माधवी’चा माथा म्हणूनच प्रतिमेच्या कडेबाहेर पडतो. आधाररेषेखालचे उकार उलट डावीकडे सरकतात, त्यामुळे डावी कडही तपासावी.

उपाय असा : ज्या ग्राफिक्सवर लिहायचे आहे, त्याच्याच ‘फॉन्टरेंडरकॉन्टेक्स्ट’ने (अक्षरे मोजण्याच्या मांडणीने) ‘टेक्स्टलेआउट’ (मजकुराचा आराखडा) तयार करावा, ‘गेटबाउंड्स’ने शाईची खरी चौकट घ्यावी, प्रतिमा त्या मापाची करून चारही बाजूंना दोन-दोन पिक्सेल मोकळे सोडावेत. चौकटीचा डावा निर्देशांक ऋण असू शकतो; तेवढे नाव उजवीकडे सरकवून काढावे.

तिरपेपणा स्वतःच्या हातात ठेवायचा असेल, तर साधा फॉन्ट घेऊन, त्यापासून नवा फॉन्ट बनवणाऱ्या ‘डिराइव्हफॉन्ट’ला ‘ॲफाइनट्रान्सफॉर्म’ (आकार कलवण्याचे गणिती रूपांतर) द्यावा. जावात खालची दिशा धन असल्यामुळे उजवीकडे कलण्यासाठी आडवा शिअर (आडव्या दिशेने कलवण्याचे प्रमाण) ऋण, म्हणजे उदाहरणार्थ उणे ०.१५, द्यावा लागतो. त्यावर पुन्हा इटालिक शैली मागू नये, कारण तिरपेपणा दुप्पट होतो. चित्र काढणाऱ्या ‘ग्राफिक्स२डी’चे ‘शिअर’ही टाळावे, ते पूर्ण पृष्ठच कलते करते आणि पानावर जितके खाली लिहावे तितकी ओळ डावीकडे घसरत जाते.

मुळात नावासाठी हा खटाटोप करावा का, याविषयी मला शंका आहे. रोमन इटालिक हे व्हेनिसमध्ये १५०१ च्या सुमारास हस्ताक्षरावरून घडवलेले स्वतंत्र वळण आहे. त्यातला ‘ए’सुद्धा वेगळा काढलेला असतो. देवनागरीत अशी परंपरा नाही. कृत्रिम शिअरने शिरोरेषा आडवीच राहते, काने तेवढे कलतात, आणि ‘माधवी’सारखे डौलदार नाव ढकलल्यासारखे दिसते. त्या मुलीच्या नावासाठी त्याच फॉन्ट-कुटुंबातला ठळक फॉन्ट दोन-चार पॉइंट मोठा घ्यावा, असे मी सुचवीन.