जोड नसलेली कुस्ती

पत्र लांब होतं, थोडं आटोपून छापतेय:

"मावशी, आम्ही तासगाव तालुक्यातले. मुलगा आठवीत आहे, बोलताना अडखळतो. शाळेला एसटीनं जातो. गाडीत तीन पोरं त्याची नक्कल करतात, डबा काढून खातात, दप्तर मागून पुढं फेकतात. गेल्या महिन्यात त्याला स्वतःचं नाव सांगायला लावलं आणि तो अडखळत असतानाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. म्होरक्या माझ्या चुलत दिराचा मुलगा. त्या लोकांशी आमचा बांधावरून वाद आहे, पाच वर्षं बोलणं बंद. आमचे हे तरुणपणी तालमीतले. म्हणतात, 'रडत घरी यायचं नाही, एक ठेवून द्यायची.' शाळेत सर म्हणाले, दोघांना समोरासमोर बसवून मिटवून टाकू. परवा कपडे धुताना पोराच्या पँटच्या खिशात करकटक सापडलं. विचारलं तर काही बोलेना. मी काय करू? – एक आई"

मावशी म्हणालीस, तेव्हा अगं-तुगंच करते.

आधी करकटक. भूमितीसाठी असतं तर ते कंपासपेटीत असतं. वडील म्हणाले 'एक ठेवून दे', तेवढी ताकद हातात नाही, म्हणून पोरानं टोक शोधलंय. त्याला ओरडू नकोस, पण उद्यावरही ढकलू नकोस. गाडीच्या एका धक्क्यात कुणाचा डोळा गेला, तर बाल न्याय मंडळापुढं तुझा मुलगा उभा राहील आणि त्याला छळणारी पोरं साक्षीदार होतील.

आज रात्री शेंगा फोडायला बस आणि त्याला शेजारी घे. समोर बसवून डोळ्यांत बघून विचारलंस तर तोंड उघडणार नाही. हात कामात असले की पोरं बोलतात. त्याचं वाक्य मध्येच पुरं करू नकोस, पाच मिनिटं लागली तरी लागू देत. आणि सांग, "खिशातलं मी पाहिलं. मी रागावले नाही. ते माझ्याकडं दे. उद्यापासून हे निस्तरायचं काम माझं." 'बाबांना सांगणार नाही' असलं वचन देऊन बसू नकोस, कारण सांगावं लागणारच आहे. जीव नकोसा वाटतो का, हेही सरळ शब्दांत विचार. विचारल्यामुळं पोरांच्या डोक्यात भलतं येतं हा आपला भ्रम आहे. 'हो' म्हणाला, किंवा मान खाली घालून गप्पच राहिला, तर त्याला एकटं सोडू नकोस आणि तेव्हाच १४४१६ ला फोन लाव. ती सरकारची टेलि-मानस सेवा. चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं.

आता गुंता. तुझ्या पत्रात दोन प्रकरणं आहेत आणि तुम्ही सगळ्यांनी ती एकाच दाव्याला बांधलीत. बांधाचा वाद हे भांडण आहे. दोन घरं, दोघांकडं सातबारा, दोघांना जीभ, दोघांचंही थोडं खरं आणि थोडं खोटं. असं भांडण मध्यस्थ बसवून मिटतं. एसटीत चाललंय तो छळ आहे. तिकडं तिघं, इकडं एकटा, आणि त्याची जीभ नेमकी तिथंच अडते. त्यात मिटवायचं काय? तुझ्या मुलानं काय सोडायचं, अर्धा डबा? छळ आधी थांबवायचा असतो, आणि तो मोठ्यांनी थांबवायचा असतो.

म्हणून सरांचा समोरासमोर बसवायचा बेत नम्रपणे नाकार. त्यांचा हेतू वाईट नाही. हे मी अधिकारानं सांगते, कारण हा उद्योग मी स्वतः केलाय. सातवीचा वर्ग होता. एका थोराड पोराला आणि त्याच्या मारानं बेजार झालेल्या एका किरकोळ पोराला मी फळ्यापुढं उभं केलं, हात मिळवायला लावले, वर्गाला टाळ्या वाजवायला सांगितल्या. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, पोरगं विरघळलं. वर्ष सरल्यावर त्याच्या आईनं सांगितलं की हात मिळवताना त्या थोराडानं बोटं पिरगाळली होती, हसत हसत, माझ्यासमोर. आणि त्या दिवसापासून मार वाढला, कारण बाईंच्या लेखी प्रकरण मिटलेलं होतं.

तुझ्या मालकांचं म्हणशील तर त्यांना माझं नाव सांगून विचार, तालमीत वस्ताद जोड बघितल्याशिवाय कुस्ती लावायचे का? वजन बघायचं, उंची बघायची, सलामी झडायची, मध्ये पंच असायचे आणि पाठ टेकली की सुटायचं. तिघांनी मिळून एकाला चालत्या गाडीत धरलं तर ती कुस्ती कुठल्या मैदानातली? आणि डाव रस्त्यावर वापरला तर वस्ताद स्वतः पाठीत घालायचे, हेही त्यांना आठवत असेल. त्यांची माया मला कळते. पोरगं लेचंपेचं राहू नये एवढंच त्यांना वाटतं. मग आठवडाभर सकाळच्या गाडीला स्टँडवर येऊन उभे राहा म्हणावं. काही बोलायची गरज नाही. तालमीतला माणूस नुसता उभा राहिला तरी फरक पडतो. फक्त त्या पोराच्या अंगाला हात लावायचा नाही आणि चुलत भावाच्या दारात जायचं नाही. दारात गेले की पोराचं प्रकरण बांधावर जाईल आणि बांधावर गेलं की पोरगं राहिलंच बाजूला.

गाडीत पोराला सांग, कंडक्टरच्या लगतची सीट धरायची. लोक सांगतील, 'ठणकावून बोलायला शिकव.' अडखळणाऱ्या पोराला हा सल्ला म्हणजे पोहता न येणाऱ्याला कृष्णेत ढकलणं. त्यानं बोलायची गरज नाही. उठायचं आणि मोठ्या माणसाजवळ जाऊन उभं राहायचं. कंडक्टरशी तू एकदा स्वतः बोलून ठेव. अडखळण्यावर उपचार करणारे सांगली-मिरजेत आहेत, जरूर दाखव, पण 'नीट बोलायला लागलास की ती चिडवणार नाहीत' असं चुकूनही म्हणू नकोस. चिडवणं हा त्याच्या जिभेचा दोष नाही.

शाळेत तोंडी सांगून झालं, आता कागद. मुख्याध्यापकांच्या नावानं साधा अर्ज लिही. "माझ्या मुलाला अमुक तारखेपासून शाळेला येता-जाता एसटीत तीन विद्यार्थी त्रास देतात. अमुक तारखेला डबा घेतला. अमुक तारखेला व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. हे थांबवण्यासाठी शाळा काय करणार ते मला लेखी कळवावं." 'गुंड', 'संस्कार नाहीत' असले शब्द नकोत, तारखा घाल. दोन प्रती ने आणि एकीवर शिक्क्यासकट पोच घे. तिन्ही पोरांना वेगवेगळं बोलवा असंही सांग, एकत्र बसवली की म्होरक्याच बोलतो. बाकीचे दोघे बहुतेक वेळा आपली पाळी येऊ नये म्हणून हसत असतात.

'गाडीतलं आम्ही काय बघणार' असं उत्तर मिळालं, तर सांग की महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा शाळेच्या आतलं आणि बाहेरचं, दोन्ही धरतो. चिडवणं, धमकावणं, लाज वाटेल असं वागवणं त्यात येतं आणि तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखानं चौकशी करायची असते. मात्र पहिल्याच दिवशी कायदा टेबलावर आपटू नकोस. कारवाईचा जाच म्होरक्याला होईल, तोही तेरा-चौदा वर्षांचाच आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच जास्त असतात आणि निम्म्या बायका असतात. त्यातल्या एखादीला अर्ज दाखव. तरी हललं नाही तर जिल्हा परिषदेत माध्यमिकचे शिक्षणाधिकारी. आणि १०९८ ही मुलांची हेल्पलाइन तुझ्यासाठीही आहे, मुलासाठीही. तो नंबर त्याच्या वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून ठेव.

व्हिडिओ कुणाला 'बघा काय केलंय' म्हणून पुढं पाठवू नकोस, अगदी माहेरीही नको. ग्रुपचं नाव, तारीख, कुणी टाकला एवढं दिसेल असा स्क्रीनशॉट ठेव आणि शाळेमार्फत काढून टाकायला लाव. काढला नाही तर सायबर पोलीस आहेत.

आता एक कडू बोलते. तुझ्या मूळ पत्रात 'त्यांचं कार्टं' हा शब्द चार वेळा आलाय. तुझ्या घरात त्याला कार्टं म्हणतात, त्यांच्या घरात तुझ्या लेकाला काय म्हणत असतील? गाडीत ऐकू येतं ते बहुधा तेच. पोरं नवीन शिव्या कुठून आणणार, जेवताना कानावर पडतं तेच पुढं वाटतात.

तेव्हा बांधाचं बघाच, पण वेगळं, आणि शाळेचं मार्गी लागल्यावर. आर. आर. पाटलांचा, म्हणजे आबांचा तालुका तुमचा. ते गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, ती असल्या बांध-वाटेच्या भांडणांसाठीच. गावची समिती जागी असेल तर तिथं जा. नुसती पाटीच उरली असेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. तिथं बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर ती कोर्टाच्या हुकमाइतकी पक्की, वर अपील नाही. पण समितीपुढं बसायच्या आधी भूमी अभिलेखकडं मोजणीचा अर्ज टाका. पाच वर्षं दोन्ही घरं आपापल्या आजोबांनी दाखवलेल्या दगडावर अडून आहेत, दगड कुठं हवा ते एकदा कळू दे.

मोजणीची तारीख ठरली की लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. ती नोटीस तुझ्या जावेच्या हातात पडायच्या आधी तू तिच्या घरी जा. मालकांना नेऊ नकोस. म्हण, "अमक्या तारखेला मोजणी आहे, तुम्हीही या, दोघींनी मिळून चहाचं बघू." पोराचा विषय त्या दिवशी काढू नकोस. तिनं काढला तर उठू नकोस, बसून ऐक.