तीन हजार वस्तीच्या बेटाची नगरपालिका : इत्बायातविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : फिलिपाईन्सच्या अगदी उत्तरेला असलेल्या इत्बायात बेटावर जेमतेम तीन हजार लोक राहतात आणि तरीही तेथे स्वतंत्र नगरपालिका, नगराध्यक्ष व परिषद आहे, असे वाचले. आपल्याकडे एवढ्या वस्तीला ग्रामपंचायत पुरते. मग हा डोलारा कशासाठी? (एक वाचक, मालवण)

उत्तर : आपली माहिती बरोबर आहे. बातानेस हा फिलिपाईन्समधील सर्वांत लहान प्रांत असून २०२० च्या जनगणनेत त्याची संपूर्ण लोकसंख्या १८,८३१ इतकी भरली. या प्रांतात सहा नगरपालिका आहेत आणि त्यांपैकी इत्बायात ही देशातील सर्वांत उत्तरेकडची. तिचा अक्षांश साधारणपणे आपल्या अकोल्याचा आहे. तिथली नगरपालिका म्हणजे केवळ शहरी वस्तीची संस्था नव्हे. गावे, शेते, कुरणे, कडे आणि आसपासची निर्जन बेटेही तिच्याच हद्दीत येतात. देशाचे उत्तर टोक मानले जाणारे मावुलिस बेट याच नगरपालिकेचे आहे.

१९९१ च्या स्थानिक शासन संहितेनुसार प्रत्येक नगरपालिकेत नगराध्यक्ष, उपनगराध्यक्ष आणि थेट निवडून आलेले आठ सदस्य असतात. नगरपालिकेच्या खाली बारांगाय हा घटक असतो आणि प्रत्येक बारांगायात एक प्रमुख व सात सदस्य निवडले जातात. इत्बायातमध्ये पाच बारांगाय आहेत. म्हणजे तरुणांच्या स्वतंत्र मंडळांतील प्रतिनिधी सोडूनही सुमारे पन्नास लोकनियुक्त माणसे होतात. आपल्याला हा आकडा फुगलेला वाटणे स्वाभाविक आहे, परंतु लोकसंख्येच्या हिशेबाने या बेटाकडे पाहणेच मला चुकीचे वाटते. येथे प्रशासनाची गरज अंतराने आणि समुद्राने ठरते. प्रांताची राजधानी बास्को दुसऱ्या बेटावर आहे. हवामान चांगले असेल तर होडीने तेथे पोहोचायला तीन-चार तास लागतात आणि हवामान बिघडले की कित्येक दिवस होडीच सुटत नाही. १४ सप्टेंबर २०१६ च्या पहाटे मेरांती हे महाभयंकर चक्रीवादळ थेट इत्बायातवर आदळले, तेव्हा बेटाचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला. अशा वेळी तांदळाचा साठा किती आहे, कोणाचे छप्पर उडाले, कोणाला आधी मदत द्यायची, हे ठरवणारा अधिकारी बेटावरच असावा लागतो. बास्कोला बसलेल्या अधिकाऱ्याच्या परवानगीची वाट पाहण्याची सोय तेथे नसते.

आज मात्र अशी नगरपालिका नव्याने स्थापन होणे कठीण आहे. याच संहितेप्रमाणे नव्या नगरपालिकेला किमान २५,००० लोकसंख्या आणि ५० चौरस किलोमीटर क्षेत्र लागते. बेटांना क्षेत्रफळाची अट माफ आहे, लोकसंख्येची नाही. कायद्यापूर्वीच्या लहान नगरपालिका तशाच पुढे चालू राहिल्या आणि तो निर्णय योग्य होता, असे मला वाटते.

प्रश्न : इतक्या थोड्या लोकांकडून कर गोळा होऊन होऊन किती होणार? पैसा येतो कुठून? (एक वाचक, पुणे)

उत्तर : जवळजवळ सगळा पैसा केंद्राकडून येतो. राष्ट्रीय करांतील ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना देण्याची तरतूद आहे आणि त्यातील ३४ टक्के हिस्सा नगरपालिकांचा आहे. तो वाटताना निम्मा भाग लोकसंख्येवर, एक चतुर्थांश क्षेत्रफळावर आणि उरलेला एक चतुर्थांश सर्वांना सारखा दिला जातो. लहान बेटाला आधार आहे तो या शेवटच्या चतुर्थांशाचा. पूर्वी हा वाटा केवळ अंतर्गत महसुलातून काढला जात असे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीमाशुल्कासह सर्व राष्ट्रीय कर हिशेबात धरायला सांगितले आणि २०२२ पासून त्याप्रमाणे रक्कम मिळू लागली.

पैशांपलीकडे एक मोठी मालमत्ता या नगरपालिकेकडे आहे. १९९८ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यानुसार किनाऱ्यापासून १५ किलोमीटरपर्यंतचे पाणी नगरपालिकेच्या अखत्यारीत येते आणि तेथे लहान मच्छीमारांना अग्रहक्क आहे. या तरतुदीला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. ती ढिली झाली तर सर्वांत आधी अशाच बेटांचे नुकसान होईल, कारण मोठ्या ट्रॉलरशी स्पर्धा करण्याचे बळ त्यांच्याकडे नाही.

प्रश्न : बेटावर उतरणेच अवघड आहे, असे एका प्रवासवर्णनात वाचले होते. ते कितपत खरे? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : अगदी खरे. इत्बायात हे समुद्रातून उभे वर आलेले चुनखडीचे बेट आहे. चहूबाजूंनी कडे आहेत आणि पुळण जवळपास नाहीच. धक्का म्हणजे कड्यालगत काँक्रीटने बांधलेला उतार. होडी त्याच्याजवळ येऊन लाटेबरोबर वर-खाली होत राहते आणि लाट वर आली की काठावरच्या माणसांचा हात धरून उतारूने त्याच क्षणी पाय टाकायचा असतो. सामान, तांदळाची पोती, गॅसच्या टाक्या, गुरे यांची चढउतारही याच पद्धतीने होते. फिलिपाईन्समध्ये इतरत्र बहुतेक होड्यांना दोन्ही बाजूंना बांबूच्या उलांड्या, म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाहेर काढून बांधलेले तरंगते दांडे, असतात. येथील ‘फालोवा’ होडीला त्या नसतात, कारण एवढ्या उंच लाटांत आणि अशा धक्क्याशी उलांडी अडचणीचीच ठरते. राएले या बारांगायात लहान विमानांसाठी धावपट्टीही आहे, पण तीसुद्धा हवामानाच्या मर्जीवर चालते.

मुख्य वस्ती मायान ही किनाऱ्यावर नसून आत, बशीसारख्या खोलगट भागात आहे. लोक लसूण, कोनफळे, रताळी पिकवतात, गुरे पाळतात आणि सावडीने एकमेकांच्या शेतात राबतात. उन्हापावसात स्त्रिया डोक्यावरून पाठीवर रुळणारे ‘वाकुल’ घालतात. ते आपल्या इरल्याची आठवण करून देते आणि विशेष म्हणजे ज्या ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून ते विणतात, ती शिंदीची जात भारतातही आढळते.

प्रश्न : बातानेसमधील दगडी घरे वादळाला दाद देत नाहीत म्हणतात; मग २०१९ च्या भूकंपात ती कशी कोसळली? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ही घरे वाऱ्यासाठी बांधलेली आहेत. चुन्यात बसवलेल्या दगडांच्या जाड भिंती, त्यांवर गवताचे दाट शाकारलेले छप्पर, आणि वाऱ्याच्या बाजूच्या भिंतीला खिडकीच नाही, अशी त्यांची रचना असते. वाऱ्याचा दाब पेलायला भिंतीचे वजन उपयोगी पडते. भूकंपात तेच वजन घात करते, कारण दगडांना एकत्र बांधून ठेवणारे काही भिंतीत नसते आणि जमीन आडवी हलली की भिंत फाकते. २७ जुलै २०१९ रोजी पहाटे पहिला मोठा धक्का बसला, तेव्हा बरेच लोक झोपेत होते. काही तासांत त्याहून मोठा दुसरा धक्का आला. नऊ जणांचा मृत्यू झाला, मायानच्या जुन्या चर्चचा घंटामनोरा कोसळला आणि लोकांनी चौकात तंबू ठोकून दिवस काढले.

त्यानंतरचा प्रश्न अजूनही अवघड आहे. सर्वत्र काँक्रीटची घरे बांधली तर परंपरागत वास्तुकला जाईल, आणि जुन्या पद्धतीनेच बांधली तर पुढचा धक्का पुन्हा जीव घेईल. माझ्या मते भिंतीच्या आत काँक्रीटचे खांब व आडवे पट्टे घालून बाहेरून दगडी बांधकाम ठेवणे हा मार्ग धरायला हवा. सिमेंट आणि सळ्या होडीने आणाव्या लागत असल्याने तो खर्चिक आहे, आणि हा खर्च राष्ट्रीय सरकारने उचलला पाहिजे. तीन हजार लोकांच्या नगरपालिकेला तो झेपणारा नाही.